पदवीच्या प्रथम वर्षात पाऊल ठेवणारा ‘अप-डाऊन’ विद्यार्थी : प्रवेशोत्तर मार्गदर्शनाचा विचार

बीजसंज्ञा : प्रथम वर्ष, संक्रमण, उद्बोधन कार्यक्रम, ये-जा करणारे विद्यार्थी, श्रेयांक पद्धती

प्रस्तावना

दरवर्षी जुलै महिना लागला की महाविद्यालयांमध्ये नवागत विद्यार्थ्यांच्या स्वागताचे कार्यक्रम सुरू होतात. दीपप्रज्वलन होते, प्रमुख पाहुण्यांचा परिचय होतो आणि त्यानंतर नव्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन जीवनाविषयी चार गोष्टी सांगितल्या जातात. शिस्त पाळावी, वेळेचे नियोजन करावे, संगत चांगली असावी, भ्रमणध्वनीच्या आहारी जाऊ नये, वाचन वाढवावे, स्पर्धा परीक्षांची तयारी पहिल्या वर्षापासूनच करावी, असे या उपदेशाचे साधारण स्वरूप असते. त्यात चुकीचे काही नाही. मात्र सभागृहाच्या मागच्या रांगांत बसलेल्या अनेकांचे लक्ष वक्त्यांपेक्षा घड्याळाकडे अधिक असते, कारण गावाकडे जाणारी दुपारची गाडी चुकली तर पुढची थेट सायंकाळी असते. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या प्रत्येकाला हे दृश्य परिचित आहे.

घर सोडून नव्या जगात राहावयास जाणारा तरुण डोळ्यांसमोर ठेवून महाविद्यालयीन जीवनाविषयीचे बहुतेक मार्गदर्शन केले जाते. प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागात प्रथम वर्षाला प्रवेश घेणारे अनेक विद्यार्थी घर सोडत नाहीत. ते सकाळी गावातून निघतात आणि दुपारी वा सायंकाळी गावात परततात. विद्यार्थ्यांच्याच बोलीत सांगावयाचे तर ते ‘अप-डाऊन’ करतात. अशा विद्यार्थ्याला पदवीच्या वर्गात टिकून राहण्यासाठी नेमके काय सांगावयास हवे, ते कोणी, केव्हा आणि कोठे सांगावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संक्रमणाची संकल्पना आणि तिची मर्यादा

फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हान जेनेप यांनी १९०९ मध्ये संक्रमणविधींचा अभ्यास मांडताना विलगता, संधिकाल आणि समावेशन अशा तीन अवस्था सांगितल्या. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी विद्यार्थी शिक्षण मध्येच का सोडतात याची मीमांसा करताना याच अवस्थांचा आधार घेतला. १९७५ चा त्यांचा लेख आणि १९८७ चा ‘लीव्हिंग कॉलेज’ हा ग्रंथ या विषयात आजही आधारभूत मानला जातो. विद्यार्थी आपल्या पूर्वीच्या समूहापासून दूर होतो, काही काळ अधांतरी राहतो आणि मग महाविद्यालयाच्या शैक्षणिक व सामाजिक जीवनात सामावला जातो. हे सामावणे जेथे घडत नाही तेथे गळती होते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

या मांडणीवर १९९२ मध्ये विल्यम टियर्नी यांनी महत्त्वाचा आक्षेप घेतला. अमेरिकेतील आदिवासी विद्यार्थ्यांच्या संदर्भात त्यांनी असे दाखवून दिले की, संक्रमणविधी हा एकाच संस्कृतीच्या आत पार पडत असतो. एका समाजाने दुसऱ्या समाजातील मुलांकडून आपले मूळ सोडून येण्याची अपेक्षा करणे यास संक्रमणविधी म्हणता येत नाही. हा आक्षेप आपल्याकडेही विचारात घेण्यासारखा आहे. शेतकरी, शेतमजूर वा ऊसतोड कामगार कुटुंबातील पहिल्या पिढीचा विद्यार्थी घरापासून विलग होत नाही आणि व्हावा अशी घरची परिस्थितीही नसते. सकाळी धारा काढून तो वर्गात येतो आणि सायंकाळी शेतावर असतो. महाविद्यालय हे त्याच्या दिवसाचे चार-पाच तास असते. त्याचे जग नसते.

याहून अधिक उपयोगी दृष्टी ॲलन कुलाँ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने दिली आहे, असे म्हणावे लागेल. पॅरिसमधील विद्यापीठात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९७ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी असणे’ हा एक शिकून घ्यावा लागणारा व्यवसाय आहे, अशी मांडणी केली. परकेपणाचा काळ, उमेदवारीचा काळ आणि आपलेपणाचा काळ अशा तीन टप्प्यांतून नवागत जातो. संस्थेचे न लिहिलेले नियम ज्याला वाचता येऊ लागतात तो टिकतो. ज्याला येत नाहीत तो बुद्धिमान असूनही बाहेर फेकला जातो. सुशिक्षित घरातील मुलाला हे नियम जेवणाच्या ताटावर कळतात. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ते कोणी सांगत नाही, कारण ज्यांना माहीत असतात त्यांना ते सांगण्यासारखे वाटत नाहीत.

निवास, भोजन आणि एसटी

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात उपदेशापेक्षा व्यवस्थेला महत्त्व देणारी एक थोर परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह उभारले आणि १९४७ मध्ये तेथेच महाविद्यालय सुरू करून ‘कमवा व शिका’ ही कल्पना उच्च शिक्षणात रुजवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये तत्कालीन औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेव्हा वसतिगृहाचा विचार त्याबरोबरच केला. मूल शिकत नाही याचे कारण त्याला शिक्षणाचे महत्त्व कळत नाही हे नसून, त्याला शहरात राहावयास व जेवावयास जागा नाही हे आहे, ही जाणीव या सर्वांना होती.

पुढे महाविद्यालये तालुक्यांपर्यंत पोहोचली आणि निवासाची जागा एसटीने घेतली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हा ती उच्च शिक्षणाचा आधार बनेल असे कोणाला वाटले नसावे. आज मात्र ग्रामीण महाविद्यालयाचे खरे वेळापत्रक आगारात तयार होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. २०२१-२२ मधील कर्मचाऱ्यांच्या दीर्घ संपाच्या काळात तर या अवलंबनाचा पुरता प्रत्यय आला.

या प्रवासाचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. नव्या रचनेत एका सत्रास २० ते २२ श्रेयांक असतात आणि लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन. २२ श्रेयांकांचे सर्व विषय लेखी आहेत असे गृहीत धरले तर सत्रात ३३० तास होतात. १५ आठवड्यांत विभागले तर आठवड्याला २२ तास. आता जाण्यास दीड तास आणि येण्यास दीड तास लागणारा विद्यार्थी घेऊ. थांब्यावरची प्रतीक्षा धरून इतका वेळ अनेक गावांतून सहज लागतो. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १८ तास आणि सत्राचे २७० तास प्रवासात जातात. म्हणजे १८ श्रेयांकांइतका वेळ गाडीत जातो आणि त्यास श्रेयांक नाहीत. ‘वेळेचे नियोजन करा’ या उपदेशाला या आकड्यांसमोर फारसा अर्थ उरत नाही.

या विद्यार्थ्याला सांगावयाच्या गोष्टी वेगळ्या आहेत. गाडीत वाचणे बहुतेकांना जमत नाही. रस्ते तसे नाहीत. परंतु व्याख्यानाचे स्मरण करणे, सोबत्याला एखादा मुद्दा सांगणे, पाठांतराचे काम करणे हे जमते. म्हणून त्याच गावाच्या किंवा त्याच मार्गावरच्या दोघा-तिघांनी शक्यतो एखादा तरी विषय समान घ्यावा, हा सल्ला प्रवेशाच्या वेळीच द्यावयास हवा. एकाची गैरहजेरी दुसऱ्याच्या वहीने भरून निघते. दोन तासिकांच्या मधली रिकामी तासिका ही अशा विद्यार्थ्याची खरी अभ्यासवेळ असते, कारण घरी पोहोचल्यावर काम वाट पाहत असते. ती तासिका उपाहारगृहाऐवजी ग्रंथालयात घालवावी हे सांगणे सोपे आहे. पण त्या वेळी ग्रंथालयाचा देवघेव विभाग उघडा असतो काय, अभ्यासिकेत डबा खाण्याची सोय कोठे आहे, मुलींसाठी स्वच्छतागृह व बसण्याची खोली कोणत्या मजल्यावर आहे, हे त्याबरोबरच सांगितले नाही तर सल्ला हवेत विरतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक व्यवहार आहे. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. प्रथम वर्षात प्रवेश घेताच ही सवलत संपते आणि इतर विद्यार्थ्यांप्रमाणे भाड्याचा एक-तृतीयांश हिस्सा भरून पास काढावा लागतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे, परंतु रोजच्या प्रवासाला पासच स्वस्त पडतो. काल जी मुलगी फुकट शिकत होती तिच्यासाठी आज घरातून दरमहा पैसे निघावे लागतात. मुलीने पुढे शिकावे की नाही असा प्रश्न घरात आधीच रेंगाळत असेल, तर एवढा खर्चही निर्णायक ठरू शकतो. प्रवेश अर्जासोबतच पासासाठीचा बोनाफाईड दाखला देणारे महाविद्यालय या मुलीसाठी स्वागताच्या भाषणापेक्षा अधिक काही करीत असते.

प्रवासातील छेडछाड हा विषय तर उद्बोधन वर्गात सहसा निघतच नाही. मुलगी ती घरी सांगत नाही, कारण त्यावर घरचा उपाय तिचे महाविद्यालय बंद करणे हा असतो, हे तिला ठाऊक असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत लैंगिक छळाच्या संदर्भात ‘परिसर’ या संज्ञेत संस्थेने पुरविलेल्या वाहतुकीचाही समावेश केला आहे. सार्वजनिक गाडीतील प्रसंगासाठी ११२ हा पोलिसांचा क्रमांक आहे. महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीच्या सदस्य प्राध्यापिका कोण आहेत, त्या कोठे बसतात आणि तक्रार केल्यास आधी घरी दूरध्वनी जाणार नाही, एवढे तीन मुद्दे पहिल्याच आठवड्यात कळले तर अनेक मुलींचे वर्ष वाचेल. यातील तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो लेखी नियमापेक्षा प्राध्यापिकेच्या तोंडून ऐकू आला तरच विश्वास बसतो.

पाठ्यपुस्तकाकडून अभ्यासक्रमाकडे

बारावीपर्यंत विद्यार्थ्याजवळ एक निश्चित वस्तू असते : बालभारतीचे पाठ्यपुस्तक. परीक्षा त्याबाहेर जात नाही. शिक्षकाने शिकविले नाही तरी पुस्तक हाती असते. प्रथम वर्षात ही वस्तू नाहीशी होते. तिच्या जागी अभ्यास मंडळाने तयार केलेला दोन-तीन पानांचा आराखडा येतो. त्यात घटकांची शीर्षके आणि शेवटी दहा-बारा संदर्भग्रंथांची नावे असतात. यातील ‘पुस्तक’ कोणते, हा नवागताचा पहिला प्रश्न असतो आणि तो अत्यंत प्रामाणिक असतो. त्यावर ‘संदर्भग्रंथ वाचा’ असे उत्तर मिळाले की विद्यार्थी निमूटपणे बाजारात जातो व मार्गदर्शक किंवा प्रश्नसंच विकत घेतो. मार्गदर्शकांच्या वापराबद्दल प्राध्यापकवर्ग नाराज असतो. परंतु पाठ्यपुस्तकाने निर्माण केलेली पोकळी भरण्याचा दुसरा मार्ग विद्यार्थ्याला दाखविलेला नसतो, हेही मान्य केले पाहिजे.

अनेक ठिकाणी कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात असते. त्यामुळे हा बदल आणखी अदृश्य होतो. इमारत तीच, प्रवेशद्वार तेच, कित्येकदा वर्गखोलीही तीच. विद्यार्थ्याला वाटते की आपण ‘तेरावी’त गेलो. हा शब्द बोलीत रूढ आहे आणि त्यात सर्व गैरसमज सामावलेला आहे. बारावीनंतर तेरावी येत नाही. मंडळ जाऊन विद्यापीठ येते, पाठ्यपुस्तक जाऊन अभ्यासक्रम येतो आणि एका वार्षिक परीक्षेऐवजी वर्षभर चालणारे मूल्यमापन येते.

या ठिकाणी मार्गदर्शन अगदी ठोस असू शकते. प्रत्येक प्राध्यापकाने पहिल्या तासिकेत अभ्यासक्रमाची प्रत विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी आणि त्यातील एक घटक कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या प्रकरणात सापडतो, हे ग्रंथ वर्गात आणून दाखवावे. ग्रंथाची अनुक्रमणिका व शब्दसूची कशी वापरावी, हे सांगण्याजोगे आहे असे अध्यापकाला वाटत नाही. परंतु बारा वर्षे पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेल्या विद्यार्थ्याने शब्दसूची कधी उघडलेली नसते. दहा संदर्भग्रंथांपैकी दोनच वाचावयाचे असतील तर ते कोणते, हेही निःसंकोच सांगावे. विद्यार्थी सर्व दहा वाचणार नाही हे उभयपक्षी माहीत असताना मौन पाळण्यात कोणाचेही हित नाही.

भाषेचा प्रश्न शाखेनुसार वेगळा आहे. विज्ञान शाखेच्या मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला इंग्रजीचा धक्का अकरावीतच बसलेला असतो. कला शाखेत अध्यापन व उत्तरपत्रिका मराठीतून चालतात, मात्र चांगले ग्रंथ बरेचदा इंग्रजीत असतात. वाणिज्य शाखेतील विद्यार्थी दोहोंच्या मध्ये अडकतो. व्याख्यान मिश्र भाषेत, फळ्यावरील संज्ञा इंग्रजीत आणि उत्तर मराठीत. अशा विद्यार्थ्याने प्रत्येक विषयासाठी वहीच्या मागील पानांवर संज्ञांची जोडयादी ठेवावी, डावीकडे इंग्रजी संज्ञा देवनागरीत व मूळ लिपीत, उजवीकडे मराठी प्रतिशब्द आणि खाली स्वतःच्या शब्दांत एक वाक्य. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, वाणिज्य आदी विषयांचे परिभाषा कोश तसेच मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. ज्या भ्रमणध्वनीच्या आहारी न जाण्याचा उपदेश केला जातो, त्याच भ्रमणध्वनीवर विश्वकोश उघडून दाखविणे हे अधिक फलदायी ठरेल. सत्राअखेर तयार होणारी दीड-दोनशे संज्ञांची ही यादी कोणत्याही विकतच्या प्रश्नसंचापेक्षा मोलाची असते.

टिपणे घेण्याचे कौशल्यही असेच गृहीत धरले जाते. शाळेत शिक्षक उतरवून देतात. महाविद्यालयात प्राध्यापक बोलत राहतात आणि विद्यार्थी एकतर प्रत्येक शब्द लिहू पाहतो किंवा काहीच लिहीत नाही. पहिल्या पंधरवड्यात व्याख्यानाची शेवटची पाच मिनिटे राखून ‘आज काय काय लिहिले’ हे चार वह्या पाहून सांगितले, तर वर्षभराचे काम सोपे होते. यासाठी स्वतंत्र कार्यशाळेची आवश्यकता नाही.

श्रेयांक, निर्गमन आणि हंगाम

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अनुसार राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी अशी अक्षरे नवागताच्या कानावर एकाच दिवशी पडतात. प्राध्यापकांनाही ती अंगवळणी पडावयास वेळ लागला, हे येथे नमूद करावयास हरकत नाही. विद्यार्थ्याला या सर्वांचे सविस्तर स्पष्टीकरण पहिल्या दिवशी नको असते. मुख्य विषय कोणता आणि तो केव्हा निश्चित करावयाचा, अन्य विद्याशाखेतून घ्यावयाचा ऐच्छिक विषय कोणता, आणि त्याची तासिका गाडीच्या वेळेत बसते काय, हे कळले तरी निवड शहाणपणाने होते. नियम विद्यापीठागणिक बदलतात. त्यामुळे संकेतस्थळावरील दुसऱ्या विद्यापीठाची चित्रफीत पाहून विषय निवडू नये, हेही सांगावे लागते.

अंतर्गत मूल्यमापनाबाबत मात्र अधिक काळजीची गरज आहे. मंडळाच्या परीक्षेत शेवटच्या दोन महिन्यांच्या अभ्यासावर निभावून नेलेला विद्यार्थी सप्टेंबरमधील चाचणीला किरकोळ समजतो. ग्रामीण भागात याच काळात शेतीचा हंगाम असतो. मराठवाडा-विदर्भात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी येते, त्यापाठोपाठ कापसाची वेचणी. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत मागे राहिलेल्या मोठ्या मुलीवर धाकट्या भावंडांची व म्हाताऱ्यांची जबाबदारी पडते. पहिल्या सत्राचे अंतर्गत मूल्यमापन आणि सत्रपरीक्षा नेमकी या दिवसांत असते. हजेरीपटावर ही अनुपस्थिती ‘बेफिकिरी’ म्हणून नोंदली जाते. या विद्यार्थ्याला जुलैमध्येच सांगावयास हवे की, चाचणीच्या तारखा या आहेत, त्या दिवशी तरी यावेच लागेल, आणि काही कारणाने येणे अशक्य झाले तर चाचणीनंतर नव्हे, आधी येऊन भेटावे. ‘आधी सांगणे’ हा न लिहिलेला नियम आहे. गावाकडील मुलाला तो आगाऊपणा वाटतो. त्याच्या दृष्टीने चूक झाल्यावर मान खाली घालून उभे राहणे हीच रीत असते.

नव्या रचनेत एका वर्षानंतर बाहेर पडण्याची मुभा आहे. ४० ते ४४ श्रेयांक आणि त्याव्यतिरिक्त ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश घेता येतो आणि एकंदर सात वर्षांत पदवी पूर्ण करावयाची असते. २०२१ मध्ये स्थापन झालेल्या श्रेयांक पेढीत हे श्रेयांक जमा राहतात. तरतूद उदार आहे. आजारपण वा आर्थिक आपत्ती आलेल्या विद्यार्थ्याला ती खरोखरच उपयोगी पडेल. परंतु तिचा दुसरा उपयोगही संभवतो. लग्न ठरलेल्या मुलीच्या बाबतीत ‘एक वर्षाचे प्रमाणपत्र तर मिळालेच’ असे समाधान घराला आणि, खेदाने म्हणावे लागते, कधीकधी महाविद्यालयालाही मिळू शकते. पूर्वी ज्यास गळती म्हणत होते त्यास निर्गमन असे प्रतिष्ठित नाव लाभले, एवढाच बदल होऊ नये. म्हणून नवागताला बाहेर पडण्याची वाट सांगताना परत येण्याची वाट त्याच श्वासात सांगितली पाहिजे. पालक सभेत तर आधी परत येण्याचीच.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँक खाते यांवरील नावाचे लेखन जुळत नसेल तर शिष्यवृत्ती अडते आणि श्रेयांक खातेही अडते. हे प्रवेशाच्याच दिवशी तपासून घ्यावे. महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो, हे अनेकांना दुसऱ्या वर्षी उशिरा कळते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अनुसूचित जमातींसाठी स्वयंम् योजना आहे. ज्याला प्रवास झेपत नाही त्याच्यासाठी ही माहिती म्हणजे शिक्षण चालू राहण्याचा मार्गच होय. तिच्यासाठी सूचनाफलक पुरेसा नाही.

रॅगिंगविषयी महाराष्ट्राचा कायदा १९९९ पासून अस्तित्वात आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे; आयोगाचे विनियम २००९ चे आहेत. १८००-१८०-५५२२ हा तक्रारीचा क्रमांक व मानसिक ताणाच्या प्रसंगी १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक ओळखपत्राच्या मागील बाजूस छापावा. विद्यार्थी तो प्रतिज्ञापत्रावर वाचत नाही. ओळखपत्र मात्र रोज गळ्यात असते.

कोणी सांगावे आणि केव्हा

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ ही उद्बोधन कार्यक्रमाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. व्यायाम, कला, मानवी मूल्ये, परिसर भेटी, मान्यवरांची व्याख्याने आणि छोट्या गटांना प्राध्यापक मार्गदर्शक अशी तिची रचना आहे. कल्पना चांगली आहे, परंतु तिची प्रेरणा गांधीनगर आयआयटीच्या २०११ मधील पाच आठवड्यांच्या पायाभूत कार्यक्रमासारख्या निवासी संस्थांतून आलेली आहे. पहाटेच्या व्यायामासाठी वाडीवरून येणारा विद्यार्थी उपस्थित राहू शकत नाही. शिवाय आपल्याकडे प्रवेश एकदम होत नाहीत. गुणवत्ता याद्या लागत राहतात, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फेऱ्यांत गेलेले विद्यार्थी परत येतात आणि ऑगस्टमध्ये दाखल होणाऱ्यांना जुलैमधील कार्यक्रमाचे फक्त छायाचित्र पाहावयास मिळते. ज्यांना मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज असते तेच बहुधा उशिरा आलेले असतात.

म्हणून एका मोठ्या कार्यक्रमाऐवजी पहिले सहा आठवडे दर आठवड्याला एक तासिका अशी विभागणी अधिक उचित ठरेल. पहिल्या आठवड्यात पास, ओळखपत्र, ग्रंथालय व समितीच्या प्राध्यापिकांची ओळख. पुढे अभ्यासक्रम व संदर्भग्रंथ. चाचणीच्या तारखा जाहीर होताच मूल्यमापन. शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू होतील तेव्हा कागदपत्रे. गरज उत्पन्न होण्याच्या किंचित आधी सांगितलेले लक्षात राहते. ऑगस्टमध्ये आलेल्यांसाठी तोच क्रम पुन्हा चालवावा. यात द्वितीय वर्षातील, त्याच मार्गावरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांची मदत घेता येईल. कोणत्या फेरीला गर्दी असते, कोणता वाहक पास नीट पाहतो, पावसाळ्यात कोणता पूल पाण्याखाली जातो आणि त्या दिवशी कोणाला दूरध्वनी करावा, हे ज्ञान प्राध्यापकांपाशी नसते.

मार्गदर्शक-विद्यार्थी योजना आज बहुतेक महाविद्यालयांत आहे. मूल्यांकन परिषदेच्या भेटीमुळे तिची नोंदवही तर सर्वत्र असते. तीत स्वाक्षऱ्या असतात, तारखा असतात, क्वचित एकाच शाईत सहा महिन्यांच्या तारखा असतात. ही योजना खरी करावयाची असेल तर नोंदवहीत एक स्तंभ वाढवावा : विद्यार्थ्याचे गाव, गाडीची येण्याची वेळ आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ. आपल्या गटातील वीस विद्यार्थ्यांची ही माहिती हाती आली की भेटीची तासिका शेवटच्या व्याख्यानानंतर ठेवण्याची चूक होत नाही, विद्यार्थी नेहमी पहिल्या तासिकेला दहा मिनिटे उशिरा का येतो हे विचारावे लागत नाही आणि सलग तीन दिवस एकाच मार्गावरचे सर्व विद्यार्थी अनुपस्थित असले तर कारण विद्यार्थ्यांत नसून रस्त्यावर शोधले जाते. विभागाच्या वेळापत्रक समितीनेही तासिका आखण्यापूर्वी आगाराकडून फेऱ्यांचे पत्रक मागवावे. फेऱ्या बदलल्या की ते पुन्हा मागवावे लागेल.